बादलीवरचा टोला

एप्रिलमधल्या एका शनिवारी सौनातून बादलीवरचा टोला आलाच नाही, आणि त्यावरूनच घरात बसलेल्या दोघी बायकांना काय झालं ते कळलं.

सौना अंगणाच्या पलीकडे, ओढ्याच्या काठावर होता. वाफेने न्हायची, लाकडी ओंडक्यांची दोन खोल्यांची झोपडी. बाहेरच्या खोलीत कपडे काढायचे, आतल्या खोलीत तापलेले दगड, बसायला भिंतीलगत वरखाली दोन फळ्या. दर शनिवारी आधी पुरुषांची फेरी, मग बायकांची. आपलं आटोपलं की एइनार तांब्याचा पळा जस्ती बादलीच्या काठावर दोनदा आपटायचा. दुसरा टोला पहिल्यापेक्षा जरा हलका. पाणी संपवल्याशिवाय तो बाहेर पडत नसे, त्यामुळे बादली रिकामी असायची आणि आवाज स्वयंपाकघरापर्यंत खणखणीत यायचा. आमचं झालं, आता तुम्ही या, एवढाच त्याचा अर्थ. तोंडाने हाक मारणं एइनारला जन्मात जमलं नाही. टोला ऐकला की त्याची बायको हिल्या आणि त्यांची मुलगी आयली टॉवेल उचलून अंगण ओलांडायच्या.

त्या शनिवारी ओन्नी, आयलीचा धाकटा भाऊ, ट्रकचे टायर बदलून घ्यायला गावात गेला होता. आयली ईस्टरच्या सुट्टीत ड्युलूथ शहरातून आली होती. दोघी टॉवेल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कॉफी निवली. हिल्याने हातातलं विणकाम खाली ठेवलं, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी जाते." एइनार बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. एका पायात मोजा, दुसरा हातात. केस अजून ओले होते, श्वास मात्र थांबला होता.

आता नोव्हेंबर लागला होता आणि हिल्याने फोन करून आयलीला बोलावून घेतलं होतं. फोनवर ती फार बोलत नसे. "ओन्नी सोमवारी सही करणार म्हणतोय," एवढंच म्हणाली. "तू ये."

आयली ड्युलूथच्या वाचनालयात काम करायची. पस्तिशीला टेकलेली, लग्न न केलेली. ओन्नी तिच्याहून इतका लहान की त्याला अंगाखांद्यावर तिनेच खेळवलेलं. ती शनिवारी दुपारी बसमधून उतरली, घरी आली, तर स्वयंपाकघरात शेजारचा म्हातारा सुलो आधीच ठाण मांडून बसला होता. दातात साखरेचा खडा धरून तो बशीतून कॉफी ओढत होता. ओन्नी खिडकीशी उभा होता, पाठमोरा. बापासारखे खांदे आले होते त्याला या उन्हाळ्यात.

"आली बघ तुमची पंडिता," सुलो म्हणाला. "आता निकाल लागेल."

"तुम्ही तुमचं मत देऊन झालं असेलच," आयली कोट काढत म्हणाली.

"दिलं की. जा म्हणावं. माझ्या पोराचं, राल्फचं बघ. आपल्या पायाने फौजेत गेला, तर त्याला विचारलं, बाबा रे, काम कुठलं हवं? गाढवाने काय मागावं? स्वयंपाक. आता जर्मनीत बसून बटाटे सोलतोय. इथे बटाटे काढायचे म्हटलं की याची पाठ दुखायची."

"राल्फ गेला तो तुमच्या तोंडाला कंटाळून," हिल्या म्हणाली.

"असेल. पण जिवंत आहे आणि जाडा झालाय. फोटो आलाय."

यावर कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या मनात त्याच वेळी गावातल्या लिंडग्रेनांचा मुलगा आला. तो वाट बघत बसला होता. त्याला बोलावणं आलं, हातात रायफल आली, आणि ऑगस्टमध्ये तो झेंड्यात गुंडाळलेल्या पेटीतून परत आला. पेटी उघडू नका, असं सोबत आलेल्या अधिकाऱ्याने सांगितलं होतं.

ओन्नीची तब्येत तपासून झाली होती. तो धडधाकट ठरला होता. आता दोनच वाटा होत्या. सोमवारी गावातल्या भरतीच्या सार्जंटसमोर आपणहून सही केली, तर तीन वर्षं द्यावी लागणार, पण काम निवडता येणार. ओन्नीला इंजिनांचं काम हवं होतं. नाही तर घरी बसून सक्तीच्या भरतीचं बोलावणं येण्याची वाट बघायची. त्यात दोनच वर्षं, पण निवड काही नाही. ते पाठवतील तिकडे जायचं, आणि सध्या ते समुद्रापलीकडच्या जंगलातल्या लढाईवरच पाठवत होते हे सगळ्यांना माहीत होतं.

"मला वाटतं, सही करावी," आयली म्हणाली. बसमध्ये तिने सगळं मनात मांडून ठेवलं होतं, ते तिने शांतपणे सांगितलं. एक वर्ष जास्त गेलं तर गेलं. ट्रक दुरुस्त करणाऱ्या माणसाला जंगलात पुढे चालवत नाहीत.

"बोलावणं येईलच असं कुठे आहे?" हिल्या म्हणाली. "घरात पुरुष हा एकच उरला. कचेरीत बसलेली माणसंच आहेत ना? राहील एखादं नाव."

"आई, सरकार विसरत नाही."

"सरकार सगळं विसरतं. आपल्या रस्त्याचं डांबर विसरलंच की नाही?"

"हे मात्र बरोबर," सुलो म्हणाला.

ओन्नी वळला. "बाबा काय म्हणाले असते?"

एइनार तरुणपणी पहिल्या महायुद्धात गेला होता. आपणहून गेला की बोलावल्यावर, हे त्याने कधी सांगितलं नाही. आयलीने ते कधी विचारलं नव्हतं. जगातल्या किती माणसांच्या आयुष्याबद्दल तिने वाचलं होतं, रात्री जागून वाचलं होतं, आणि हा एक प्रश्न समोर बसलेल्या माणसाला विचारायचा राहून गेला होता. आता तो एकच प्रश्न सगळ्यांना हवा होता.

"ते काही म्हणाले नसते," हिल्या म्हणाली. "खाली मान घालून जेवले असते. चला, आज लाकडं जास्त लागतील. शेवटची फेरी ठेवायचीय."

सुलोने बशी खाली ठेवली. "म्हणजे जुन्या पद्धतीने? मृतांची फेरी?"

"माझी आई ठेवायची. घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी."

"पास्टर काय म्हणतील?"

"पास्टर मागच्या रविवारी इथे जेवून गेले. लाकडं सुकी आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं."

सुलो उठला आणि टोपी शोधू लागला. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं आहे, म्हणाला. एरवी त्याला घालवून द्यावं लागे.

पद्धत साधी होती. जिवंत माणसांचं न्हाणं आटोपलं की पुन्हा लाकडं घालायची, दगड तापवायचे, बादली भरून ठेवायची, साबण, अंगावर मारून घ्यायला भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी, धुतलेला टॉवेल. उंबऱ्यावर बार्लीची भाकरी आणि बिअरचा पेला. मग दार ओढून घ्यायचं आणि सकाळपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. ती फेरी ज्यांची, त्यांची. न बोलावता जो आत जातो, तो बाहेर येताना स्वतःच्या कातडीत येत नाही, असं हिल्याची आई सांगायची. आयलीने लहानपणी ते ऐकलं होतं आणि मोठेपणी तसलंच काहीबाही पुस्तकातही वाचलं होतं. पुस्तकात वाचल्यावर ते फारच निरुपद्रवी वाटलं होतं.

पंपावर पाणी भरताना हिल्या तिला म्हणाली, "काठोकाठ भर. त्यांना पाणी कमी पडलेलं चालायचं नाही." आयलीने बादली हिंदकळू न देता सौनापर्यंत नेली. तिचा कोट तरी भिजलाच.

ओन्नी लाकडांच्या ढिगाशी होता. आजूबाजूला आई नाही असं पाहून तो म्हणाला, "आयली, मी ठरवलंय. आज टोला आला तर सोमवारी सही करतो. नाही आला तर वाट बघतो."

"कुठला टोला?"

"बाबांचा. शेवटच्या फेरीचा."

आयलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. "ओन्नी, हा पोरखेळ आहे."

"तू इतकी पुस्तकं वाचलीस. त्यात मिळालं का उत्तर?"

"मिळालं. मघाशी सांगितलं ते."

"ते तुझं. मला त्यांचं हवंय." त्याने लाकडं छातीशी धरली. "म्हणजे जा म्हणाले तर जाईन. गप्प बसले तर घरात बसेन. तू मध्ये पडू नकोस."

तो गेला. आयली तिथेच उभी राहिली. मेलेली माणसं बादल्या वाजवत नाहीत. म्हणजे ओन्नीने वाट बघायचं ठरवल्यातच जमा होतं, फक्त ते ओझं त्याने बापाच्या डोक्यावर दिलं होतं. तिला लिंडग्रेनांची पेटी आठवली. आणि मग एक विचार तिच्या मनात आला, इतका सहज की तिला स्वतःची लाज वाटली. दोन टोले, दुसरा जरा हलका. ते काय कुणालाही मारता येतील.

न्हाणं झालं. आधी ओन्नीचं, मग दोघी बायकांचं. ओन्नीने टोला मारला नाही, दार उघडून नुसतं "या" म्हणाला. एप्रिलपासून तो तसंच करत होता. मग हिल्या एकटी आत गेली, सगळं मांडून आली, कंदील बाहेरच्या खोलीच्या खिडकीत ठेवला आणि दार ओढून घेतलं. पाच वाजून गेले असतील नसतील, पण त्या उत्तरेकडच्या मुलखात नोव्हेंबरमध्ये तेवढ्यात मिट्ट काळोख होई. ओन्नी मागच्या पायरीवर जाऊन बसला. हिल्याने टेबलावर तीन बश्या मांडल्या.

आयली ओले केस पुसत होती. दारामागच्या खुंट्यांकडे तिचं लक्ष गेलं. तिथे तिचा टॉवेल होता, आईचा होता. ओन्नीचा निळ्या काठाचा टॉवेल नव्हता.

"आई, ओन्नीचा टॉवेल कुठे आहे?"

हिल्या हातात बशी घेऊन थांबली. पुरुषांचे दोन टॉवेल ती एकावर एक घडी घालून एकाच वेळी नेत असे. ओन्नी चालायला लागल्यापासून दर शनिवारी. आज एइनारचा धुतलेला टॉवेल कपाटातून काढला, तेव्हा हाताने आपोआप दुसराही खुंटीवरून उचलला होता. हाताला कुणी सांगितलं नव्हतं, की आता एकच.

"मी आत ठेवला," ती म्हणाली. "आयली, मी त्याचा टॉवेल त्यांच्यात ठेवला."

"मी आणते."

"आता नाही. आता त्यांची फेरी आहे."

"टॉवेलच आहे, आई."

हिल्याने तिला अडवलं नाही, पण जा असंही म्हणाली नाही. आयलीने कोट घातला. कारण मिळालं याचं तिला बरं वाटलं, हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. ओन्नीला दिसू नये म्हणून ती पुढच्या दाराने, गोठ्याला वळसा घालून गेली.

बाहेरच्या खोलीत कंदील नीट जळत होता. उंबऱ्यावरच्या भाकरीला कुणी हात लावलेला नव्हता. बाकाखाली बापाचे बूट होते. ते एप्रिलपासून कुणी उचलले नव्हते. तिला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिने आतलं दार उघडलं.

आत कोरडी धग असायला हवी होती. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं नाही, तर सौना भट्टीसारखा रखरखतो, घसा सुकतो. आत मऊ वाफ होती. आत्ताच कुणी पळाभर पाणी ओतून मागे टेकून बसावं, तशी. भूर्जाच्या ओल्या पानांचा वास येत होता, आणि डांबराच्या साबणाचा. कंदिलाचा उजेड दारातून तिरपा वरच्या फळीवर पडला होता. फळीवर ओला डाग होता, माणूस बसून उठतो तसा. त्याच्या शेजारी भिंतीच्या बाजूला एका माणसापुरती जागा लख्ख कोरडी होती. त्या जागेवर निळ्या काठाचा टॉवेल घडी करून ठेवलेला होता.

भिंतीकडची जागा ओन्नीची. भिंतीलगत वाफ सौम्य लागते, म्हणून तो लहान असताना एइनार त्याला तिथे बसवायचा आणि स्वतः अलीकडे बसून धग अंगावर घ्यायचा. ओन्नी मोठा झाला तरी ती जागा तशीच राहिली. कुणी कधी बोललं नाही. आताही ती राखलेली होती.

आयलीने हात लांब करून टॉवेल उचलला. तो कोरडा होता आणि ऊबदार, मांडीवर धरून ठेवलेल्या कपड्यासारखा.

बादली खाली जमिनीवर होती, पळा तिच्यात. वाकून दोनदा आपटायचा, एवढंच काम होतं. तेवढ्यासाठी तर ती आली होती. तिने त्या कोरड्या जागेकडे पुन्हा पाहिलं. मुलाला सांभाळून बसवायची जागा होती ती. पण ती राखणारा आता कुठे होता, आणि तिथे जाऊन बसायचं म्हणजे कुठे जायचं, हे तिला एकदम स्पष्ट कळलं. टॉवेल छातीशी धरून ती दाराकडे वळली.

मागे पळा बादलीच्या काठावर दोनदा वाजला. दुसरा जरा हलका.

ती वळून बघू शकली असती. पुढे कित्येकदा तिने मनातल्या मनात वळून पाहिलं. त्या वेळी ती उंबरा ओलांडून, भाकरीला पाय न लावता, दार लावून घेऊन अंगणात आली.

ओन्नी पायरीवर उभा होता. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता. "ऐकलंस?" तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आयली, तू ऐकलंस ना?"

"मीच होते," आयली म्हणाली. "आईने चुकून तुझा टॉवेल आत ठेवला होता. तो आणायला गेले. पळ्याला हात लागला."

"दोनदा?"

"दोनदा."

हिल्या दारात आली होती. तिने आयलीच्या हातातून टॉवेल घेतला, गालाला लावून पाहिला आणि घडी न मोडता कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिला. "कॉफी निवतेय," ती म्हणाली.

रविवारी सकाळी हिल्या एकटीच सौना आवरून आली. काय दिसलं, हे तिने सांगितलं नाही. तिघं चर्चला गेली, घरी येऊन जेवली. ओन्नी दिवसभर ट्रकखाली पडून राहिला होता, ट्रकला काही झालेलं नसताना.

सोमवारी त्याने आयलीला बससाठी गावात सोडायला नेलं. भरतीचं ऑफिस पोस्टाला लागूनच होतं. काचेवर टोपी घातलेल्या हसऱ्या जवानाचं चित्र होतं. त्याच रस्त्याने जायचं होतं. ओन्नीने स्वच्छ शर्ट घातला होता.

गाव जवळ आल्यावर तो म्हणाला, "बादली भरलेली होती."

आयली खिडकीतून बाहेर बघत होती.

"तूच भरून नेलीस. मी पाहिलं, तुझा कोट भिजला होता. भरलेली बादली बद्द वाजते, आयली. ती रिकामी वाजली."

"मी पाणी दगडांवर ओतलं होतं."

"टॉवेल आणायला गेलेलीस, आणि बसून वाफ घेतलीस?"

एक लाकडाने भरलेला ट्रक समोरून गेला, त्याला वाट द्यायला ओन्नीने गाडी कडेला घेतली आणि तिथेच उभी ठेवली.

"मी दोन दिवस एकच गोष्ट चघळतोय," तो म्हणाला. "मी सही करावी असं तुलाच वाटत होतं. सगळं मुद्देसूद सांगितलंस. मग टोला आला, तर तू गप्प बसायचंस ना? तुझंच काम झालं होतं. तू खोटं का बोललीस?"

"आता मला तसं वाटत नाही."

"का?"

"नाही सांगता येत."

"आत काय दिसलं?"

आयलीने मान हलवली. ओन्नीने तिच्या हातांकडे पाहिलं. ती हातमोजे काढत होती आणि पुन्हा घालत होती.

"तू वीज पडली तरी पुस्तकातून डोकं वर काढत नाहीस," तो म्हणाला. "गोठ्यात अस्वल शिरलं होतं तेव्हा कंदील घेऊन तू पुढे गेली होतीस. बाबा सांगायचे. जे बघून तू घाबरलीस, तिकडे मी आपल्या पायाने जात नाही. बोलावतील तेव्हा बघू."

"बोलावतील, ओन्नी. तेव्हा निवड नसेल."

"माहितेय."

त्याने गाडी सुरू केली. पोस्टापाशी वेग जरा कमी झाला. काचेआड सार्जंट कुणाशी तरी फोनवर बोलत होता, त्याने ओळखीचा हातही केला. ओन्नीने हात केला आणि गाडी पुढे घेतली. बस येईपर्यंत दोघं थांब्यावर उभी राहिली. तो तिच्यासाठी पाव आणि चीज घेऊन आला होता, ते त्याने तिच्या पर्समध्ये कोंबलं. बस सुरू झाली तेव्हा आयलीच्या मनात आलं, की आपण एका माणसाचं म्हणणं त्याच्या मुलापर्यंत पोचू दिलं नाही. आयुष्यभर जो बोलला नाही, तो एकदाच बोलला होता.

बोलावणं मार्चमध्ये आलं. सरकार विसरलं नव्हतं.

निघायच्या आदल्या शनिवारी आयली घरी होती. अंगणात अजून गुडघाभर बर्फ होतं. ओन्नीने स्वतः लाकडं फोडली, स्वतः पाणी भरलं. "आज मी एकटाच," तो म्हणाला आणि निळ्या काठाचा टॉवेल खांद्यावर टाकून गेला.

दोघी टॉवेल मांडीवर घेऊन बसल्या. धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. कॉफीवर साय धरली. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. हिल्याचं विणकाम सुरू होतं, मग हात थांबले. मग तिने विणकाम खाली ठेवलं. आयलीला ते खाली ठेवणं ओळखीचं होतं. ती उठली, तर आई आधीच उभी होती. दोघी खिडकीशी गेल्या.

सौनाचं दार उघडलं आणि ओन्नी बर्फातून चालत आला. डोक्यातून वाफ निघत होती, गाल लाल झाले होते. आत येऊन त्याने बूट झटकले.

"टोला का नाही मारलास?" हिल्याने विचारलं. तिचा आवाज चढला होता.

"बादलीत पाणी ठेवलंय," तो म्हणाला. "संपवलं नाही. आणि आज भिंतीकडे बसलो नाही, बाबांच्या जागी बसलो. फेरी अर्धी ठेवून आलोय. अर्धी टाकून कुणी जातं का कुठे? येऊन पुरी करीन." त्याने हसून दाखवलं आणि शर्ट शोधायला आत गेला. पायऱ्यांवर त्याची पावलं वाजली, मग वरच्या खोलीत.

हिल्या खुर्चीत बसली.

"तो टोला तुझा नव्हता," ती म्हणाली.

"नाही," आयली म्हणाली.

"एप्रिलमधला राहिला होता त्यांचा. मोजा हातात धरून बसले ते बसलेच. फेरी संपवायची राहून गेली. तेवढी पुरी करून गेले. कुणाला बोलवायला आले नव्हते ते."

आयलीने आईकडे पाहिलं. "हे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मी त्यांचे टोले चाळीस वर्षं ऐकलेत. आणि ओन्नी पायरीवर कशाची वाट बघत बसला होता, तेही दिसत होतं."

"मग तेव्हा त्याला का नाही सांगितलंस? बाबा काहीच सांगत नव्हते, हे कळलं असतं तर त्याने स्वतःचं स्वतः ठरवलं असतं."

"ठरवलं असतं आणि तुझं ऐकलं असतं," हिल्या म्हणाली. "सोमवारी सही केली असती. मला तो घरात हवा होता. एक हिवाळा तर एक हिवाळा."

वर ओन्नी बॅग ओढत होता. त्याच्या शिट्टीचा आवाज येत होता, मध्येच तुटत होता.

"आपण जायचं ना?" थोड्या वेळाने आयलीने विचारलं. "दगड गार होतील."

"आज आपली फेरी नाही. त्याची चालू आहे."

मग दोघी तशाच बसून राहिल्या, टॉवेल मांडीवर घेऊन. खिडकीबाहेर बर्फावर निळसर उजेड होता, तो कमी होत गेला आणि सौनाची झोपडी तेवढी काळी उरली. धूर थांबला. इतकी वर्षं त्या ज्या आवाजासाठी कान देऊन बसत आल्या होत्या, तो आज ऐकू येऊ नये म्हणून दोघींनी श्वास रोखून धरला होता. तिथे अंधारात अर्धी बादली पाणी होतं, पळा होता, वरच्या फळीवर भिंतीकडची जागा होती.

हिल्याने हात पुढे केला. आयलीने तो धरला. दगड पुरते गार होईपर्यंत दोघी हलल्या नाहीत.